चाकांवरचे घर कुठून घ्यावे?

घर घेताना माणूस शेजार बघतो, पाण्याची सोय बघतो. गाडी घेताना इंजिन बघतो, किंमत बघतो. पण ज्या वस्तूत घर आणि गाडी दोन्ही एकत्र आहेत, ती घेताना काय बघायचे? अमेरिकेत अशी वस्तू सर्रास मिळते. तिचे पूर्ण नाव रिक्रिएशनल व्हेइकल, पण सगळे तिला नुसते आरव्ही म्हणतात. तिच्यात पलंग असतो, शेगडी असते, फ्रीज असतो, न्हाणीघर आणि संडास असतो, पाण्याच्या टाक्या आणि गॅसचे सिलिंडर असतात. काहींना स्वतःचे इंजिन असते, तर काही मोटारीच्या मागे जोडून ओढत न्याव्या लागतात. सुटीत फिरायला जाणारी कुटुंबे ती घेतात, तशीच निवृत्त जोडपी राहते घर विकून तिच्यात कायमची राहायला जातात. आणि ज्यांना शहरातले घरभाडे झेपत नाही, अशीही माणसे तिच्यात दिवस काढतात. तेव्हा हा नुसता चैनीचा विषय नव्हे. कुणाची आयुष्याची पुंजी तिच्यात अडकलेली असते, तर कुणाचे डोक्यावरचे छप्पर तेवढेच असते.

माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याने एकदा फोनवर विचारले, "मामू, इथला डीलर जी गाडी दाखवतोय तीच गाडी इंडियानातला डीलर बऱ्याच कमी पैशात देतोय. तीन हजार किलोमीटरवरून आणू का?" मला मोटारीतले ओ की ठो कळत नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि मी त्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले, की हा प्रश्न त्या देशात पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे. मोटारीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचा. भाच्याचे म्हणाल, तर त्याने शेवटी कुणाकडूनच घेतली नाही. आठवडाभर भाड्याने घेतली, मुलांना डोंगर दाखवले आणि परत करून टाकली. इतिहास मात्र एवढ्यात आटोपत नाही.

१८४० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्वेकडली शेतकरी कुटुंबे पश्चिमेला, ओरेगॉनच्या दिशेने निघाली. वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची, चार-सहा महिन्यांची. वाहन म्हणजे वर कापडी छत ताणलेली लाकडी गाडी, ओढायला बहुधा बैल. सगळा संसार त्या गाडीत. ओहायोतल्या शेतकऱ्यापुढे दोन मार्ग असत. आपल्या गावच्या सुताराकडून गाडी करून घ्यायची आणि तीच घेऊन निघायचे, हा एक. दुसरा असा, की मिसूरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स या गावापर्यंत पोहोचायचे आणि गाडी तिथे खरेदी करायची, कारण खरी वाट तिथूनच सुरू व्हायची.

गावचा सुतार ओळखीचा. त्याचे लाकूड कुठले, हात कसा, हे ठाऊक. आपल्याकडेही बलुतेदारीत सुतार-लोहार गाडी करीत, तेच वर्षभर तिची डागडुजी करीत आणि सुगीला खळ्यावरून धान्य नेत. विक्री आणि दुरुस्ती हे दोन वेगळे व्यवहारच नव्हते. (जातीची बेडीही त्याच व्यवस्थेत होती, हे विसरून चालणार नाही.) पण अमेरिकेतल्या त्या सुताराने पश्चिमेचे कोरडे पठार कधी पाहिलेले नसे. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसते. चाकाचे आरे खिळखिळे होतात आणि वरची लोखंडी धाव सैल होऊन भर वाटेत निखळून पडते. लोक रात्रभर चाके नदीत भिजत ठेवत, धावेखाली लाकडाच्या पाचरी ठोकत. दमट गावात वर्षानुवर्षे कुरकूर न करता चाललेली गाडी तिथे हजार किलोमीटरही धड जात नसे.

इंडिपेन्डन्सच्या कारागिरांना हे पक्के माहीत होते, कारण त्यांचे दुकानच त्या वाटेच्या तोंडाशी होते. त्यांच्यात हायरम यंग नावाचा एक माणूस होता. जन्माने गुलाम. त्याने १८४७ मध्ये स्वतःचे मोल चुकते करून स्वातंत्र्य मिळवले, पुढे इंडिपेन्डन्सला येऊन गाड्या आणि बैलांची जोखडे करायचा कारखाना काढला. १८६० च्या गणतीत त्याच्या नावावर वर्षाला ३०० गाड्या आणि ६,००० जोखडे अशी नोंद आहे. गुलामी अजून कायदेशीर असलेल्या राज्यात एक काळा माणूस गावातल्या मोठ्या कारखानदारांपैकी एक होता. यादवी युद्धात त्याला जीव वाचवायला कॅन्सासला पळावे लागले. परत आला तेव्हा कारखान्याची धूळधाण झालेली. त्याने सरकारकडे नुकसानभरपाई मागितली. १८८२ मध्ये तो वारला तरी दावा चालूच होता आणि त्याच्या वारसांच्या हाती अखेर काही पडले नाही. त्याच्या गाड्या घेणारे बहुतेक लोक त्याच्या गावचे नव्हते. ते त्याला पुन्हा कधी भेटणारही नव्हते. तरी त्यांनी त्याच्याकडून घेतल्या. तो त्यांच्या घराजवळचा नव्हता, त्यांच्या वाटेजवळचा होता.

मला वाटते, या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. आपण 'जवळचा दुकानदार' म्हणतो तेव्हा कशाच्या जवळचा, हे सांगत नाही. दिवाण किंवा कपाट घेतले तर प्रश्न पडत नाही, ते जागचे हलत नाही. पण जी वस्तू घेतल्या दिवसापासून लांब जाण्यासाठीच आहे, तिच्या बाबतीत जवळ म्हणजे काय?

याच सुमारास, १८५२ मध्ये, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या गावी स्टुडबेकर नावाच्या दोघा भावांनी लोहारकीचे दुकान काढले. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाला गेला, पण सोने खणायच्या ऐवजी खाणवाल्यांसाठी हातगाड्या करू लागला. १८५८ मध्ये तो ८,००० डॉलर गाठीला बांधून घरी परतला आणि ते भावांच्या धंद्यात घातले. पुढे स्टुडबेकर हे देशातले मोठे गाडीउत्पादक झाले, नंतर मोटारीही करू लागले. साउथ बेंड हे नाव लक्षात असू द्या. त्याच्या शेजारच्या गावाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

लांबून वस्तू घेण्याची सवय अमेरिकेला खऱ्या अर्थाने लागली ती १८७२ नंतर. त्या वर्षी शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डने खेड्यातल्या गिऱ्हाइकांसाठी किमतींचा एक कागद छापून टपालाने पाठवायला सुरुवात केली. मागून सिअर्स, रोबक कंपनी आली. तिची यादी म्हणजे विटेएवढे जाड पुस्तक. त्यात घड्याळापासून नांगरापर्यंत सगळे. पसंत पडले नाही तर पैसे परत. १९०८ पासून तर सिअर्सने अख्खी घरे टपालावर विकायला काढली. लाकूड, खिळे, दारे, नकाशा, सगळे रेल्वेच्या डब्यातून यायचे आणि गिऱ्हाइकाने ते उभे करायचे. गावोगावचे दुकानदार चवताळले. पार्सल टपाल सुरू होऊ नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे सरकारवर दबाव आणला. १९१३ मध्ये ते सुरू झालेच. काही गावांत त्या याद्यांची चौकात होळी झाली.

दुकानदारांचे म्हणणे सगळेच खोटे नव्हते. पीक बुडाले तेव्हा उधार कुणी दिले? शाळेला देणगी कुणी दिली? शिकागोच्या कंपनीने नव्हे. पैसा गावातून एकदा गेला की तो शिकागोहून परत येत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

पण जवळच्या दुकानदाराची दुसरी बाजू दक्षिणेकडच्या काळ्या शेतकऱ्यांना विचारायला हवी होती. गावातले दुकान गोऱ्या मालकाचे. काळ्या गिऱ्हाइकाने सगळ्या गोऱ्यांचे होईपर्यंत ताटकळायचे. उधारीच्या वहीत काय लिहिले ते विचारायची सोय नाही. कुठला माल त्याच्या पायरीला शोभतो हेही दुकानदार ठरवणार. सिअर्सच्या यादीत मात्र किंमत सगळ्यांना एकच छापलेली. पत्र कसेही लिहा, कुठल्याही भाषेत लिहा, आम्ही वाचून घेऊ, असे कंपनी सांगे. कागदाला कातडीचा रंग दिसत नाही. भाड्याने घर शोधताना आपले नाव सांगितल्याबरोबर समोरच्याचा चेहरा बदललेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. जो आपल्याला ओळखतो तो अडचणीला धावून येतो, आणि जो ओळखतो तोच आपली अडवणूकही करू शकतो. लांबच्या दुकानदाराकडे या दोन्ही गोष्टी नसतात.

मोटारगाडी आली आणि टपालाचा हा थाट तिच्यापुढे चालेना. सिअर्सने १९०८ मध्ये यादीत मोटारही घातली, किंमत ३९५ डॉलर. ती रेल्वेने खोक्यात भरून यायची, चाके घरी बसवायची. १९१२ पर्यंत तिचा कारभार आटोपला. त्याच १९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात आली होती. फोर्डने गावोगाव विक्रेते नेमले आणि त्यांनी सुटे भाग दुकानात ठेवलेच पाहिजेत असा दंडक घातला. घड्याळ बिघडले तर ते खोक्यात घालून शिकागोला परत धाडता येते. चिखलात रुतलेली, पिस्टन तुटलेली मोटार कशी धाडणार? ज्या वस्तूला दुरुस्ती अटळ आहे, तिच्या किमतीत दुरुस्ती करणाऱ्याचे अंतर धरावेच लागते. ते पावतीवर कुणी लिहीत नाही एवढेच.

मोटारीवर घर चढले ते लगोलग. पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० मध्ये झोपायची, हात धुवायची सोय असलेली गाडी काढली, अर्थातच श्रीमंतांसाठी. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे तंबू आणि डबाबंद अन्न घेऊन फिरणाऱ्या साध्या मोटारवाल्यांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाचा संघ काढला. आणि मग आर्थर शर्मन. हा जंतुशास्त्रज्ञ. पाच मिनिटांत उभारता येतो म्हणून घेतलेला छत्रीवजा तंबू ऐन पावसात उभारताना तो जेरीस आला, आणि त्याने स्वतःसाठी लाकडी पेटीसारखा ट्रेलर करवून घेतला. नाव दिले कव्हर्ड वॅगन, म्हणजे त्या जुन्या छत्राच्या बैलगाडीचेच. जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात त्याने तो ४०० डॉलर किमतीला मांडला आणि ११८ ट्रेलर खपले. मंदीच्या ऐन काळात, १९३६ पर्यंत, त्याने सुमारे ६,००० विकले होते. लोकांना नोकऱ्या नव्हत्या, घरे जप्त होत होती. चाकांवरचे घर निदान काम असेल तिथे नेता येत होते.

आता साउथ बेंडच्या शेजारच्या गावाकडे. त्याचे नाव एल्कहार्ट. साउथ बेंडपासून पंचवीस-तीस किलोमीटर. १९३० च्या दशकात तिथे ट्रेलरचे कारखाने निघाले आणि आज उत्तर अमेरिकेतल्या दहापैकी आठ तरी आरव्ही या परिसरात तयार होतात. गाड्या बांधणाऱ्या कारागिरांची या भागात कमतरता नव्हती, शिकागोची रेल्वे हाताशी होती. आणखी एक गंमत आहे. या कारखान्यांतल्या कामगारांत आमिश पंथाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. हे लोक धर्मश्रद्धेने मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून किंवा सायकलने फिरतात. सुतारकामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ज्यांनी स्वतः मोटार घ्यायची नाही असे ठरवले आहे, ते लोकांची मोटारीतली घरे बांधतात.

आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीची गोष्ट निराळी. १९५० च्या दशकात हे शेतीवर जगणारे गाव ओस पडत चालले होते. जॉन हॅन्सन हा तिथला फर्निचरचा दुकानदार, शिवाय अंत्यविधीची व्यवस्था बघणारा. त्याने आणि गावातल्या इतरांनी खटपट करून कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीला १९५८ मध्ये आपल्याकडे ट्रेलरचा कारखाना काढायला लावला. कंपनी डबघाईला येताच गावकऱ्यांनीच तो घेतला. हीच पुढची विनेबागो. १९६६ मध्ये तिने इंजिनाची आरव्ही काढली, ती इतरांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. १९७० मध्ये कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात गेले. म्हणजे एका लहान गावच्या दुकानदाराने आपले गाव वाचवले ते देशभरातल्या लांबच्या गिऱ्हाइकांच्या जिवावर. एकासाठी जे लांबचे दुकान, ते दुसऱ्या कुणाचे तरी गाव असते. आपण स्थानिक दुकानदाराच्या बाजूने बोलताना हे सोयीस्करपणे विसरतो.

१९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, सुमारे ६६,००० किलोमीटर रस्त्यांची योजना आखली गेली, आणि अंतर खरोखरच आटले. इंडियानात घेतलेली गाडी चार दिवसांत कॅलिफोर्नियाला येऊ लागली. कारखान्याच्या आसपासचे विक्रेते स्वस्त देऊ शकतात याचे साधे कारण आहे. त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गाडी आणवण्याचा खर्च नसतो. लांबच्या गावचा विक्रेता हा खर्च किमतीत धरतो, गिऱ्हाइकाला वाटते तो नफेखोर आहे.

यात कराची एक मेख आहे. ओरेगॉन, मोंटाना अशा पाच राज्यांत राज्याचा विक्रीकर नाही. तिथे घेतली की कर वाचला, असे अनेकांना वाटते. पण गाडीची नोंदणी आपल्या राज्यात करायला गेले की तिथले सरकार 'वापरकर' म्हणून तेवढाच पैसा वसूल करते. मग मोंटानात नुसत्या कागदावर कंपनी काढून तिच्या नावे गाडी घ्यायची, असेही मार्ग निघाले आणि त्यामागे राज्यांचे तपासनीसही लागले. ज्या करातून आपल्या गल्लीतला रस्ता होतो तो चुकवून त्याच रस्त्यावर घर फिरवायचे, हे मला तरी बरे वाटत नाही.

कराहून मोठी मेख कायद्याची. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये ग्राहकांना हमीबाबत भक्कम संरक्षण देणारा कायदा केला. वारंवार दुरुस्त करूनही वस्तू नीट झाली नाही, तर कंपनीने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. आता एका कॅलिफोर्नियाच्या जोडप्याने दुसऱ्या राज्यात आरव्ही घेतली. तिच्या इंजिनाने त्रास दिला. राहायला ते कॅलिफोर्नियात, दुरुस्त्या कॅलिफोर्नियात. पण २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की खरेदी राज्याबाहेर झाल्यामुळे हा कायदा त्यांना लागू नाही. राज्याची सीमा ओलांडून वाचवलेले पैसे त्यांना किती महागात पडले असतील! इतर राज्यांतही सदोष मोटारींविषयीचे कायदे आहेत. पहिला कनेक्टिकटने १९८२ मध्ये केला. पण पुष्कळ राज्यांचे कायदे आरव्हीच्या फक्त गाडीच्या भागाला लागू पडतात, घराच्या भागाला नाही. इंजिन बंद पडले तर दाद आहे, छत गळले तर स्वतंत्र भांडायचे. शिवाय सांगाडा एका कंपनीचा, फ्रीज दुसऱ्या, शेगडी तिसऱ्या, आणि प्रत्येकाची हमी वेगळी. अशा वेळी हे सगळे कागद गोळा करून आपल्या वतीने भांडणारा कुणीतरी लागतो. गावातला विक्रेता हे काम करतो, किंवा त्याने करावे अशी अपेक्षा असते.

अपेक्षा असते, असे मी मुद्दाम म्हणतो. कागदोपत्री कंपनीचा कुठलाही अधिकृत विक्रेता हमीची दुरुस्ती करून देऊ शकतो. प्रत्यक्षात हमीच्या कामाचे पैसे कंपनीकडून कमी आणि सावकाश मिळतात, म्हणून दुकानदार आधी स्वतः विकलेल्या गाड्या हाती घेतो. बाहेरून घेतलेल्याला सांगतो, दोन महिन्यांनी या. यात दुष्टावा नाही, हिशेब आहे. करोनाच्या काळात हा हिशेब उघडा पडला. विमाने, हॉटेले बंद, म्हणून लोक आरव्हींवर तुटून पडले. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. इतक्या कधीच पडल्या नव्हत्या. घाईत बांधलेल्या गाड्या घाईतच बिघडल्या. दुरुस्ती करणारे कारागीर मात्र होते तेवढेच. उन्हाळा दुरुस्तीच्या रांगेत गेला, आणि रांगेच्या शेवटी लांबून खरेदी केलेले. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले.

तरी गावातला विक्रेता म्हणजे खात्री, असेही नाही. १९७३ च्या तेलटंचाईत किती दुकाने बुडाली. मार्च २००९ मध्ये फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. एल्कहार्टच्या परिसरात तेव्हा बेकारी १८ टक्क्यांच्या वर गेली होती. राष्ट्राध्यक्ष ओबामा पदावर आल्यानंतरच्या तिसऱ्याच आठवड्यात तिथे जाऊन आले. आता तर थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन कंपन्यांकडे बाजाराचा फार मोठा भाग आहे. समोरासमोरच्या दोन दुकानांत दोन वेगळ्या नावांच्या गाड्या उभ्या असतात आणि त्या एकाच कंपनीच्या निघतात. दुकानांचेही तेच. ज्याच्या पाटीवर अजून जुन्या मालकाचे आडनाव आहे, ते दुकान कधीच एखाद्या साखळीने घेतलेले असते.

मग लोक करतात काय? अलाबामा राज्यात रेड बे नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. १९७२ मध्ये टिफिन नावाच्या स्थानिक कुटुंबाने तिथे आरव्हीचा कारखाना काढला. विकलेल्या गाडीची दुरुस्ती गिऱ्हाइकाने थेट कारखान्यात आणावी, अशी त्यांची पद्धत पडली. २०२० च्या डिसेंबरमध्ये थॉरने ही कंपनी घेतली, तरी दुरुस्तीचे ते ठिकाण चालू राहिले. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून लोक हजार-दोन हजार किलोमीटर गाडी चालवत तिथे येतात. गाडी ज्यांनी कुठून घेतली, जवळून की लांबून, हे तिथे कुणी विचारत नाही. कारखान्यालगत एक मोठे मैदान आहे, ओळीने विजेचे खांब आणि पाण्याचे नळ आहेत. नंबर लागेपर्यंत लोक तिथे आपल्या घरातच राहतात, कधी चार दिवस, कधी तीन आठवडे. शेजाऱ्यांशी ओळखी होतात, कोणता कारागीर कशात वाकबगार आहे याची माहिती एकमेकांना दिली जाते. सकाळी कारागीर येतो आणि घर चालवत घेऊन जातो. घरातली माणसे कुत्र्याची साखळी हातात धरून प्रतीक्षागृहात जाऊन बसतात. संध्याकाळी घर परत येते, त्याच खांबापाशी उभे राहते, आणि बाई आत जाऊन स्वयंपाकाला लागते.